जागच्या जागी कंदीलवाला

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते धुण्यासारखे साठतात. एक दिवस बघावं तर कोपऱ्यात हा ढीग, आणि हात लावायचं त्राण नाही. आमच्या चौघांचा ढीग, एक जुना किस्सा सोडला तर, गेल्या वर्षभरात साठला, आणि तो सगळाच्या सगळा एका व्हिडिओ गेमचा आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसांनी रविवारी दुपारी, सोलापूरच्या उन्हात, गेमवरून भांडावं का? भांडू नये. माझी बायको दर रविवारी हेच म्हणते. मलाही पटतं. तरी चप्पल घालतो आणि जातो.

चौघं म्हणजे कोण, ते सांगतो. मी शाळेत गणित शिकवतो, म्हणून हे सगळे मला मास्तर म्हणतात. श्रीनूचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे माग आहेत. बिरू सांगोल्याकडचा, घरी मेंढरं, स्वतः दुधाचा टेम्पो चालवतो. आणि चौथे युसूफभाई. विजापूर वेशीजवळ भाईचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. आम्ही तिघं तिथंच भेटलो, शाळा बुडवून.

त्या पार्लरचा राजा म्हणजे कंदीलवाला. गेमचं खरं नाव काहीतरी इंग्रजी होतं, ते कुणी कधी वाचलं नाही. एक बुटका माणूस हातात कंदील घेऊन अंधाऱ्या गुहेतून पळतो, खेकड्यांवरून उड्या मारतो, खड्डे ओलांडतो. रिमोटवर डाव्या अंगठ्यानं त्याला चालवायचं, उजव्या अंगठ्यानं उडी मारायची. बास, एवढंच. एवढ्यावर आमची दहावी जाता जाता राहिली!

* * *

पार्लरमध्ये भाईचा एकच रूल होता, भिंतीवर ऑइल पेंटनं लिहिलेला: ‘मेला की उठायचं.’ खेळाडूला एकच जीव. कंदीलवाला खड्ड्यात पडला की रिमोट पुढच्याच्या हातात द्यायचा आणि स्टुलावरून उठायचं. ‘अजून एकदा भाई’, ‘बटण अडकलं भाई’, काही चालायचं नाही.

भाईचं लग्न ठरलं त्या आठवड्यात त्याचा होणारा मेहुणा पार्लर बघायला आला. नवा शर्ट, अत्तर. स्टुलावर बसला आणि पहिल्याच खेकड्यानं त्याला खाल्लं.

भाई म्हणाला, “उठो.”

मेहुणा हसला. त्याला वाटलं, चेष्टा चालली आहे. भाई हसला नाही. मागं आम्ही सातआठ पोरं लायनीत उभी. शेवटी मेहुणा उठला तो थेट घरी गेला, आणि लग्न मोडायची वेळ आली! दोन्हीकडचे बुजुर्ग बसले, चहा झाला, समजूत निघाली. भाईला म्हणाले, माफी माग. भाई म्हणाला, “माफी मागतो. पर वो मरा था.”

भाभी हा किस्सा अजून सांगते. सांगताना भाईकडं बघत नाही.

* * *

गेल्या वर्षी भाईला पॅरालिसिसचा झटका आला. डावी बाजू गेली. पाय हळूहळू काठीपर्यंत आला, पण डावा हात मांडीवर नुसता पडलेला. फिजिओथेरपीच्या मॅडमनी रबरी बॉल दिला, दिवसभर दाबत बसा म्हणाल्या. भाईनं उजव्या हातानं तो बॉल खिडकीतून बाहेर टाकला.

“बॉल दाबून कुणाला हरवायचं?” म्हणाला.

आम्ही भेटायला गेलो की भाभी चहा द्यायची आणि तोंड फिरवून उभी राहायची. एकदा बिरूच म्हणाला, “भाई, कंदीलवाला खेळा की! डावा अंगठा आपसूक हलंल.”

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, चालेल, उलट बरंच आहे. आता काम सोपं वाटलं. पण कंपनीनं तो गेम आता तीन तऱ्हेचा काढलाय: जुना जसाच्या तसा, जुनाच पण चकाचक केलेला, आणि मुळापासून नव्यानं बांधलेला. यातला कुठला लावायचा? इथून आमची जी भांडणं सुरू झाली, ती आजतागायत चालू आहेत.

* * *

पहिल्यांदा जुना लावला. श्रीनूनं जोडून दिला. भाभी चहा घेऊन आली आणि टीव्हीसमोर थबकली.

“टीव्ही बिगडा क्या? दोन्ही बाजूला काळं दिसतंय.”

श्रीनूनं सांगितलं, जुना गेम चौकोनी टीव्हीचा होता, म्हणून पडद्याच्या कडा मोकळ्या राहतात. भाभी म्हणाली, “मग एवढा मोठा टीव्ही कशाला घ्यायला लावला?”

रिमोट मांडीवर ठेवला, भाईचा डावा अंगठा उचलून बटणावर ठेवला. गेम सुरू झाला. कंदीलवाला उभा. भाई कपाळावर आठ्या घालून बघतोय. डावा अंगठा हलेना. उजवा मात्र जुन्या सवयीचा, त्यानं उडी मारली. कंदीलवाला जागच्या जागी उडाला. परत उडाला. समोरून खेकडा आला, भाईनं टायमिंग साधून उडी घेतली, खेकडा खालून निघून गेला. परत कंदीलवाला उभा.

या गेमला घड्याळ नाही. मरेपर्यंत खेळता येतं. आणि खड्डा पुढं असल्यामुळं, खेकडे चुकवत जागेवरच राहणारा माणूस मरतच नाही! म्हणजे रूलप्रमाणं भाई उठायचा नाही, आणि आमचा नंबर यायचा नाही. दुपारभर आम्ही एक बुटका माणूस जागच्या जागी उडताना पाहिला. बिरू तक्क्याला टेकून घोरायला लागला.

घरी बायकोनं विचारलं, “काय केलंत?” काय सांगणार?

* * *

पुढच्या खेपेला श्रीनू चकाचक केलेला घेऊन आला. “हाच खरा,” म्हणाला. “गेम तोच, उड्या त्याच, फक्त चित्र साफ केलंय. डोळ्याला त्रास नाही.”

लावला. गुहेत लख्ख उजेड. भिंतीवरचं शेवाळ दिसतंय, खेकड्याच्या मिशा दिसतायत, लांबचा खड्डा इथूनच दिसतोय.

बिरू टीव्हीजवळ सरकून म्हणाला, “एवढा उजेड हाय, तर ह्यानं कंदील कशाला धरलाय?”

भाई इतका हसला की त्याला ठसका लागला. आजारपणानंतर पहिल्यांदा. श्रीनू मात्र चिडला. “तुम्हाला जुनं ते सगळं सोनं वाटतं!”

“मग तू आजोबाच्या डिझाइनची चादर सोडून टॉवेल का विणतोस?” बिरू म्हणाला.

“कोण घेतंय रे आता चादर?” श्रीनू एवढंच बोलला. आवाज खाली गेला होता. त्याच्या घरचे चादरीचे माग भंगारात गेले त्या दिवशी मी त्याच्याबरोबर होतो. मी विषय बदलला, पण बदलून बदलून काय बदलणार, परत गेमवरच आलो.

* * *

मग नव्यानं बांधलेला आला. यात कंदीलवाला बोलतो. त्याला आई आहे, गाव आहे, गावावर संकट आहे. खेळ सुरू व्हायच्या आधी अर्धा तास त्याचं दुःखच चाललंय.

भाई वैतागला. “अरे, उडी कब मारेगा ये?”

पण भाभी स्वयंपाकघरातून येऊन बसली ती बसलीच. भाजी करपली. “थांबा ना, त्याच्या आईचं पुढं काय झालं?” वर्षभरात तीन गेम आले, त्यातला एकच भाभीला आवडला, तो हा.

यात आणखी एक सोय होती. कंदीलवाला खड्ड्याच्या कडेला आपोआप लोंबकळतो, पडत नाही. आणि सेटिंगमध्ये जाऊन श्रीनूनं सगळं उजव्या हातावर घेतलं. चालणं गेमनं सांभाळायचं, माणसानं नुसती उडी मारायची. भाईनं एका अंगठ्यानं पहिली गुहा पार केली! आम्ही टाळ्या वाजवल्या. मी तर शिट्टी मारली, शाळेत मी शिट्टीसाठी पोरांना बाहेर काढतो.

भाईनं रिमोट बाजूला ठेवला.

“नक्को रे. बंद करा.”

“का भाई? जिंकलात की!”

“तो आपलाआपण चालतोय. पडत न्हाई, मरत न्हाई. माझ्या डाव्या हाताला कुणी विचारलंच न्हाई.” आणि रिमोट श्रीनूकडं ढकलत, “पुढच्या रविवारी येऊ नका.”

आम्ही जिना उतरलो. भाभी मागून सांगायला आली. मॅडमनी तिला सांगितलं होतं, हाताचं जे काय परत यायचं ते या दिवसांतच येतं, नंतर अवघड आहे. हे भाईला माहीत नव्हतं. का माहीत होतं, कोण जाणे. ती पदरानं डोळे पुसत वर गेली आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

* * *

कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर आम्ही तिघं भांडलो. म्हणजे इतके भांडलो की टपरीवाल्यानं ऐकू यावं म्हणून स्टोव्ह बारीक केला.

बिरू म्हणाला, “जुनाच लावा.”

श्रीनू म्हणाला, “जुन्यात तो हलतच नाही रे! किती दिवस जागच्या जागी उडवणार?”

मी म्हणालो, नवाच बरा, माणसाला जिंकल्यासारखं तरी वाटू दे. खरं सांगतो, मी थकलो होतो. ते जागच्या जागी उडणं मला बघवत नव्हतं.

बिरू माझ्याकडं बघून म्हणाला, “मास्तर, तुमी पोरास्नी गणित सोडवून देता, का त्यांच्याकडनं सोडवून घेता?” मी चहा संपवला.

दोन रविवार गेलो नाही. मग भाईचाच फोन. “जुना लावा. खड्ड्यावाला.”

* * *

पुढं सगळा उन्हाळा तेच. टीव्हीच्या दोन्ही कडा काळ्या, मध्ये गुहा, आणि कंदीलवाला जागच्या जागी. उडीचा टुंग आवाज, मग परत टुंग. मी नववीचे पेपर घेऊन जायचो आणि त्या आवाजावर तपासायचो. श्रीनू फोनवर मागाची कामं उरकायचा. बिरू घोरायचा. कूलरमधलं पाणी संपलं की भाभी बादली आणायची. कुणालाच आता काही होईलसं वाटत नव्हतं. तोंडानं कुणी म्हणायचं नाही, एवढंच.

एका रविवारी टुंग थांबलं.

मी पेपरातून मान वर केली. कंदीलवाला नुसता उभा होता. मग तो जरासा सरकला. बोटभर. थांबला. परत सरकला.

“बिरू,” मी म्हणालो, “अरे ऊठ.”

भाईच्या कपाळावर घाम आलेला, जीभ दातात. डावा अंगठा बटणावर थरथरत होता. कंदीलवाला चालायला लागला. खेकडा मागं गेलेला, समोर वाट मोकळी, आणि वाटेच्या टोकाला पहिला खड्डा. श्रीनू ओरडला, “उडी, भाई, उडी!” पण भाईचं सगळं लक्ष डाव्या अंगठ्याकडं. उजवा विसरलाच. कंदीलवाला सरळ चालत गेला आणि खड्ड्यात पडला. तो पडल्याचा जुना, रडका सूर वाजला.

भाभी पिठाच्या हातानं दारात उभी होती.

भाईनं रिमोट माझ्या मांडीवर ठेवला. काठी ओढली, खुर्चीच्या हाताला धरून उभा राहायला लागला.

“भाई, बसा की,” मी म्हणालो.

“मेलो ना? मग उठायचं. मास्तर, तुझा नंबर.”

मी खुर्चीत बसलो. पार्लरच्या दिवसांत शेवटच्या गुहेपर्यंत पोचलेला मी एकटा, हे या खोलीत सगळ्यांना माहीत आहे. गेम सुरू झाला. मी कंदीलवाल्याला पळवत नेलं आणि त्याच पहिल्या खड्ड्यात पडलो.

बिरूनं माझ्याकडं बघितलं. श्रीनू छताकडं बघायला लागला. भाई काठीवर रेलून पडद्याकडं बघत होता. मग त्यानं डावा हात हळूहळू, वीतभर पुढं केला.

“ऊठ रे मास्तर,” म्हणाला. “माझा नंबर.”