कशाच्या वीस टक्के?

आम्ही पेठ तालुक्यातले, डोंगराकडचे. भात आणि नागली, म्हणजे नाचणी, निघाली की गाव रिकामं व्हायचं. माणसं नवराबायकोच्या जोडीजोडीनं दिंडोरीच्या बाजूला द्राक्षबागांत कामाला जायची आणि बांधाच्या कडेला प्लास्टिकचा कागद ताणून तिथंच संसार मांडायची. वेलींच्या सावलीत आईच्या जुन्या लुगड्याची झोळी, झोळीत माझी धाकटी बहीण वंदना, आणि झोका द्यायला शाळा बुडवून मी. हे लिहिताना मला लाज वाटत नाही. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे. आज मी नाशिकमध्ये पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. पण वंदना झोळीत होती त्या वर्षी बागेतलं पाणी कुणी तपासत नव्हतं. वंदनाला जुलाब लागले ते थांबेचनात. डोळे खोल गेले, मांड्यांची कातडी लोंबायला लागली. एका ट्रॅक्टरमध्ये बसून आम्ही तिला नाशिकच्या सरकारी दवाखान्यात आणलं आणि तिथल्या लहान मुलांच्या वॉर्डात शालिनी सिस्टर आम्हाला भेटल्या.

महिन्यापूर्वी त्यांच्या मुलाचा, राहुलचा फोन आला. "ताई, आई गेली." मी फोन ठेवला आणि लगेच परत लावला. खरंच का? डॉक्टरांनी नीट पाहिलं का? झोप लागली असेल तर... राहुल रडत होता, तो मध्येच हसला. म्हणाला, "ताई, आईनंपण हेच विचारलं असतं."

विचारलंच असतं. आयुष्यात कुठलीही गोष्ट त्यांनी एकदा सांगून मानली नाही. वॉर्डात त्यांचा दराराही त्याचाच होता. दूध आलं की बोट बुडवून बघायच्या. वॉर्डबॉय मामांनी फरशी पुसली म्हटलं तर खाटेखाली वाकून बघायच्या. आणि वजनाच्या वेळी तर पोलीसच. कारण आम्हा आयाबाया पण काही साध्या नव्हत्या. आमच्याकडे लेकराला तोलू नये म्हणतात. तोलायचं ते धान्य. लेकरू तोललं की दृष्ट लागते. तरी तोलणार असतील तर निदान काट्यावर भरून दिसावं म्हणून कुणी आधी तांब्याभर पाणी पाजायची, कुणी दोन दोन झबली चढवायची. आईनं वंदनाच्या कमरेला कापडाची पुरचुंडी बांधली होती. आत बिब्बा आणि मोडक्या विळ्याचं टोक. सिस्टरांनी पहिल्याच दिवशी ती हेरली.

"हे काय?"

"दृष्टीचं हाय. काढू नका, बाई."

"विळा तोलायचाय का लेक?"

आई रडायलाच लागली. तेव्हा सिस्टरांनी पुरचुंडी सोडली, स्वतःच्या मुठीत धरली, मूठ वंदनाच्या अंगाला टेकवली आणि काट्याला हात न लावता वजन घेतलं. मग स्वतःच परत बांधली. रोज असंच. आईला मात्र वाटायचं, ही बाई मुठीत धरून काहीतरी करणी करते. बाबांना वाटायचं, हिला खाटा भरलेल्या दाखवायच्या असतात. आणि सिस्टरांना वाटायचं, हे लोक एक दिवस गुपचूप पोर उचलून पळणार. तिघंही एकमेकांवर नजर ठेवून... मधल्या खाटेवर वंदना.

आजारी पडायच्या आधी वंदना दहा किलोची होती. अंगणवाडीच्या कार्डावर तसं होतं. दवाखान्यात आणली तेव्हा आठ. डॉक्टर म्हणाले होते, गेलेलं वजन भरून आलं की सोडू. आणि एका सकाळी राउंडला बोलता बोलता ते म्हणाले, "छान. आल्यापासून वीस टक्के वाढलंय."

बाबांनी तेवढंच पकडलं. आजारात वजन किती टक्के गेलं होतं, हे त्यांनी पहिल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं. वीस. वीस गेलं, वीस आलं. फिटलं! त्यांनी लगेच गोधडी गुंडाळायला घेतली. त्यात त्यांचंही चुकत नव्हतं. मुकादमाचा निरोप आला होता की उद्या जोडी बागेत दिसली नाही तर दुसरी जोडी घेईन. द्राक्षांच्या घडातले मणी विरळायचं काम थांबत नाही. ते गेलं की अख्खा हंगाम गेला.

"कुठं निघाले?" सिस्टर दारात उभ्या.

"घरी. वीस टक्के आलं ना परत. डॉक्टरच बोलला."

"कशाच्या वीस टक्के?"

"म्हंजे?"

"गेले ते दहा किलोतले वीस टक्के. आले ते आठातले. अजून भरली नाही ती."

बाबा मला म्हणाले, "बघ, ही आता नवीन काढते." आणि सिस्टरांना, "बाई, आम्ही अडाणी हाय, पर येडे नाय. वीस म्हंजे वीस. तुमच्या विसाला शिंगं हायेत का?"

शेजारच्या खाटेवरची बाई हसली. सिस्टर नाही हसल्या. त्यांनी आमच्या फडक्यातली नागलीची भाकरी मागितली. व्हरांड्यात खाली बसल्या, पांढऱ्या साडीसकट. भाकरीचे पाच सारखे तुकडे केले.

"ही आजाराआधीची तुमची लेक. पाचातला एक तुकडा गेला. हे झाले वीस टक्के. बरोबर?"

"बरोबर."

"राहिले चार. आता ह्या चारांत वीस टक्के घालायचे. म्हणजे प्रत्येक तुकड्याला त्याचाच पाचवा हिस्सा." बाजूला काढलेला तुकडा त्यांनी हातात घेतला, त्याच्या पाच कुटक्या केल्या आणि चार तुकड्यांशेजारी एकेक ठेवली. "घातले वीस टक्के. प्रत्येकाला दिले ना?"

"दिले."

त्यांनी तळवा उघडला. एक कुटकी उरली होती.

"मग ही कुणाची?"

बाबांनी ती कुटकी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "तुम्ही तुकडे लहानमोठे केले असतील."

आता वाटतं, त्या क्षणी सिस्टर चिडल्या असत्या तर बाबांनी स्वतःच्या जबाबदारीवर सही करून वंदनाला नेलंच असतं. पण संशय घेणाऱ्या माणसाचा त्यांना कधी राग येत नसे. उलट त्या खूश झाल्या. "बरोबर आहे. माझ्यावर कशाला विश्वास ठेवता? तुमची मुलगी शाळेत जाते ना? तिला मोडू द्या."

बाबांनी दुसरी भाकरी माझ्यापुढे ठेवली. तोवर बाबांनी मला पाणी आण, झोका दे, एवढंच सांगितलेलं. काही विचारलेलं नव्हतं. मी पाच तुकडे केले, एक काढला, त्याच्या पाच कुटक्या केल्या, चार वाटल्या. एक उरली. मग फरशीवर ओल्या बोटानं गणित मांडलं. दहाचे वीस टक्के दोन. आठाचे वीस टक्के एक आणि वर सहाशे ग्रॅम. वंदना नऊ किलो सहाशे. चारशे ग्रॅम कमी.

"चारशे ग्रॅम म्हंजे किती गं?" बाबांनी विचारलं. सिस्टरांना नाही, मला.

"ही कुटकी, बाबा."

सिस्टरांनी ती कुटकी उचलली, दुधात कुस्करली आणि वंदनाला भरवली. बाबांनी गोधडी परत पसरली. संध्याकाळी ते मुकादमाला सांगायला गेले आणि परत आले ते काम घालवूनच. आईला एवढंच म्हणाले, "थोरलीला मोडता येतं. शिकू दे तिला."

पुढे कॉलेजसाठी मी नाशिकला वसतिगृहात आले आणि रविवारी सिस्टरांच्या घरी, नाशिकरोडच्या कॉलनीत, जेवायला जाऊ लागले. घरातही त्या तशाच. स्वयंपाकघराच्या दारामागे आकड्याचा वजनकाटा टांगलेला. गॅसवाल्या पोराला सिलेंडर त्याला लावून दाखवावा लागे. तो म्हणायचा, "मावशी, माझंपण वजन करता का?" त्या म्हणायच्या, "तू सीलबंद नाहीस." एकदा कपड्यांच्या दुकानात पाटी होती, पन्नास टक्के अधिक वीस टक्के सूट. मी म्हटलं, सत्तर! त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथंच तोंडी केलं... शंभराचे पन्नास झाले, वीस टक्के त्या पन्नासातले, म्हणजे दहा. साठच. "पाटी लावणारा खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या, "तो फक्त कशाच्या ते सांगत नाही." माझी बी.एस्सी.ची गुणपत्रिका मात्र त्यांनी आधी उजेडाला धरून पाहिली, मग राहुलला पेढे आणायला पाठवलं.

शेवटची भेट त्यांच्याच घरी झाली. त्या पलंगावर, अगदी एवढ्याशा झालेल्या. साठ किलोच्या बाईचं आजारात अठ्ठेचाळीस झालं होतं. मी गेले तेव्हा राहुल आनंदात होता. "ताई, डॉक्टर म्हणाले, दहा टक्के वाढलं वजन!" मी पण लगेच म्हटलं, "वा, सिस्टर." त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता विचारतील. मी मनात हिशोब करूनही बसले होते. बारा किलो गेले होते, आले ते पाचसुद्धा नव्हते. पण राहुल समोर उभा होता, कितीतरी दिवसांनी हसत... सिस्टरांनी विचारलं नाही. त्यांनी फक्त हात पुढे केला आणि तळवा उघडून माझ्यासमोर धरला. रिकामा. या वेळी भरवायला कुटकीच उरली नव्हती. मला कळलं, आणि त्यांना कळलं की मला कळलं. राहुलला वाटलं, पाणी हवंय.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, सिस्टरांच्या आठवणीतल्या वंदनेला आणि जेवणाला, मी आणि वंदना दोघी गेलो. वंदना सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर काम करते. आपल्या हातचा प्रत्येक जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेला भाग, दोनदा मोजते, म्हणून सुपरवायझर तिला 'संशयीबाई' म्हणतात. वंदना सगळ्यांना वाढून झाल्यावर स्वयंपाकघरात गेली. दारामागे काटा तसाच टांगलेला होता. तिनं आकड्यात बोट अडकवून तो खाली ओढला, सोडला, शून्यावर येतो का बघितलं. आला.

"ताई, तू ती भाकरी मोडलीस, त्याच्या पुढं काय झालं?" तिनं विचारलं. तिला ते आठवणं शक्यच नाही.

आणखी आठवडाभर आम्ही त्या व्हरांड्यात राहिलो, मी तिला सांगितलं. रोज पुरचुंडी सिस्टरांच्या मुठीत, रोज काटा, रोज बाबा काट्यावर वाकलेले. आणि एका सकाळी पुरचुंडीशिवाय, पाणी न पाजता, एका झबल्यातसुद्धा नाही, वंदना दहा किलो भरली. मग आम्ही तिला घरी नेलं.