चाकणचा बटाटा आणि दाजींचा अंगठा

चाकणला फिरायला निघालोय म्हटल्यावर शेजारी फिदीफिदी हसले. हसू देत! अठ्ठ्याहत्तर सालची दिवाळी नुकतीच सरली होती. आक्कानं बटाट्याच्या लावणीला बोलावलं आणि मी, शाळेत जीवशास्त्र शिकवणारा माणूस, आयत्या पिठलं-भाकरीच्या आशेनं निघालो.

शिवाजीनगरहून एसटी पकडली. तिकीट चिल्लरीत भागलं. कासारवाडीला आक्काचे मिस्टर, म्हणजे आमचे दाजी, चढले. पिंपरीच्या एका कंपनीत सुपरवायझर, त्यामुळे आम्हालाही कामगारच समजायचे. भोसरीपुढच्या खड्ड्यांनी कंबरडं मोडलं. तुम्ही जाणार असाल तर चाकण स्टँडवरची मिसळ जरूर खा, पाणी मात्र घरून न्या.

रानात आक्काचे सासरे आधीच बजावून बसले होते, "यंदा बटाटा साधला न्हाई, तर रान वीटभट्टीला दिलं म्हून समजा." आक्काच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

बियाण्याच्या बटाट्यांच्या फोडी करता करता मी म्हटलं, "दाजी, चार दिवस सावलीत ठेवा. कापलेलं बटाट्याला कळतं. आत निरोप जातात, कापल्या जागी नवी साल धरते, बुरशीला अडवणारी द्रव्यं तयार होतात. मग लावा."

"मास्तर, उद्या माझी फर्स्ट शिफ्ट. बटाट्याला कसली सुट्टी? प्रॉडक्शन थांबत नसतं, राव!"

दुपारपर्यंत अर्धं रान लावून झालं. तेवढ्यात विळी सटकली आणि दाजींचा अंगठा कापला. काय तो आरडाओरडा! गावातल्या डॉक्टरांनी पट्टी बांधून सांगितलं, "आठवडाभर पाणी नको. माती तर मुळीच नको, चिघळेल." दाजींनी तिथल्या तिथं सिक लीव्ह ठरवून टाकली.

आक्का भडकलीच. "तुमच्या एका अंगठ्याला माती चालत नाही, आणि माझं अख्खं कापलेलं बियाणं ओल्या मातीत कोंबताय होय?"

उरलेल्या फोडी तिनं सावलीत गोणपाटाखाली पसरल्या. दाजी पट्टीचा हात छातीशी धरून राखणीला बसले.

मी पुण्याला परतलो. पुढच्या महिन्यात आक्का घरी आली ती दारातच रडायला लागली. घाईनं लावलेलं सगळं कुजलं होतं. सावलीत ठेवून चार दिवसांनी लावलेलं हिरवंगार उगवलं होतं. सासऱ्यांनी शब्द अर्धाच पाळला. कुजलेली बाजू भट्टीला दिली, हिरवी आक्काकडे राहिली.

मला आजही त्या घाईचा राग येतो. दाजींच्या अंगठ्यावर साधा वणसुद्धा उरला नाही. आक्काच्या रानात मात्र मधोमध विटांची भिंत उभी राहिली.