त्यांनी मराठीत सांगितलं

"आडनाव काय म्हणालात?"

मी उंबऱ्यावर चपला काढत होते तेव्हा क्रीडा संघटनेच्या अध्यक्षांनी विचारलं. मराठीत. मंगला गौरीच्या देवळाजवळचं त्यांचं घर. दुसऱ्या दिवशी फायनल, म्हणून आमच्या बेसबॉल संघाच्या पोरींना आणि मला, त्यांच्या कोचला, जेवायला बोलावलेलं. मी आडनाव सांगितलं. मग गाव विचारलं. भंडाऱ्याकडचं, म्हटलं, वडील रेल्वेत लागले म्हणून आम्ही बनारसला आलो. ते हसले. आवाज खाली आणून म्हणाले, "घरात आज सोवळ्यातला स्वयंपाक आहे. तुम्ही इथे ओसरीवरच बसा. पान बाहेर पाठवतो. गैरसमज नको हं."

गैरसमज कसला? सगळं नीट समजलं होतं. पोरींना मात्र काही कळलं नाही, त्यांना मराठी येत नाही. म्हणूनच तर ते मराठीत बोलले. माझ्या आईच्या भाषेत मला बाहेर बसवलं.

बनारसमध्ये मराठी माणूस म्हटला की लोकांना पंडितच वाटतो. माझ्या पोरी मला 'पंडिताइन दीदी' म्हणायच्या. मी पंडित नाही गं, म्हटलं की हसायच्या. आडनावावरून माझी जात या शहरात ओळखणार कोण, तर मराठी माणूस. आणि पोरींची आडनावं? सगळ्या 'कुमारी'. मुन्नी कुमारी, सरिता कुमारी. नावाड्यांच्या, धोब्यांच्या, कुंभारांच्या लेकी. अध्यक्षांना त्यातून काही वास लागेना. त्या सगळ्या बिनदिक्कत आत.

ओसरीवरून पंगत दिसत होती. माझा नुसता जळफळाट चालला होता. खोटं कशाला बोलू? पोरींवर जळत होते मी. माझ्याच पोरींवर. त्यांच्या पत्रावळीवरच्या पुरणपोळीवर. आणि सगळ्यात जास्त अध्यक्षांच्या पुतण्यावर. जॅकेटवर 'मॅनेजर' त्याच्या, मैदानावर मी. कोण उपाशी पोटी सरावाला येते आणि मग तिची बॅट उशिरा फिरते, कोण पाळीत चक्कर आली तरी सांगत नाही, हे मला ठाऊक. सरिताचा खेळ पडला तेव्हा सगळे म्हणाले आळशी झाली. अगं, तिच्या अंगात रक्तच नव्हतं! दवाखान्यात नेलं मी. हा फक्त फोटोच्या वेळी उगवायचा. तरी पाट त्याला, तूप त्याला, 'भैयाजी' त्याला. आडनाव घेऊन जन्मला, एवढंच कर्तृत्व.

मुन्नी आमची पिचर. सेमीफायनलला चेंडू फेकून फेकून तिचा उजवा खांदा सुजला होता. फायनलला तिला खेळवायचं नाही, हे मी सकाळीच सांगून टाकलं होतं. पंगतीत पुतण्या तिला म्हणाला, "कल तू ही फेंकेगी. दर्द-वर्द भूल जा." तिने मान डोलावली. मग घास घ्यायला उजवा हात उचलला, तो तोंडापर्यंत पोचेना. तिने हळूच डाव्या हाताने घास घेतला.

"अरे राम! बाएँ हाथ से?" अध्यक्ष ओरडले. "घर में कुछ सिखाया नहीं?"

पुतण्या हसला. पोरीही हसल्या. मुन्नीने डावा हात ओढणीखाली लपवला आणि भरल्या पत्रावळीसमोर तशीच बसून राहिली.

मी उठले. उंबरा ओलांडला. सोवळ्यातल्या पंगतीत सरळ घुसले.

"बाई, तुम्हाला सांगितलं ना मी!" अध्यक्ष मराठीत.

"हिंदी में बोलिए," मी म्हटलं. "बच्चियाँ भी सुनें."

ते पुतण्याकडे बघू लागले. मग मीच सांगितलं. त्यांचा एकेक शब्द, हिंदीत. सोवळं म्हणजे काय तेही. माझी जात सांगितली, ठणकावून. "पंडिताइन नहीं हूँ मैं." आणि म्हटलं, "मुन्नी कल नहीं खेलेगी. हाथ इसका है, आपका नहीं."

सगळ्या पोरी उठल्या असत्या तर किती बरं झालं असतं. उठली एकटी मुन्नी. सरिताने माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि पोळी मोडली. रागावू तरी कशी? पोटात भूक, समोर फायनल, संघ भैयाजींच्या मुठीत. पण लागलं. अजून लागतं.

मुन्नीला घेऊन गल्लीतून खाली उतरले. टपरीवर कचौरी घेतली आणि माझ्या हाताने तिला भरवली. तिने खाल्ली. मग म्हणाली, "दीदी, हार जाएँगे हम?"

"हाँ," म्हटलं.

हरलोच. मला काढलं. पुतण्या अजून मॅनेजर आहे. त्याचं नवं जॅकेट दिसलं की अजून माझ्या पोटात दुखतं. दुखू दे. जे माझं होतं ते त्याच्या अंगावर आहे, हे मला विसरायचं नाही.

रेल्वे कॉलनीच्या मैदानावर मी नवा संघ उभा करतेय. नवी पोरगी आली की बॅट हातात द्यायच्या आधी मी तिला माझं आडनाव सांगते आणि जात सांगते. जिला जायचं ती जाते. जी राहते तिचा खांदा मी माझ्या हाताने दाबून बघते. दुखत असेल तर खेळवत नाही. फायनल असली तरी नाही, आणि कोणी पंगतीला बसवलं तरी नाही.