काकांचं ध्यान

"अगं, माझं ध्यान झालं का?" शेजारचे काका रोज सकाळी दाढी करता करता काकूंना विचारायचे. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत हा प्रश्न कुणालाच विचित्र वाटायचा नाही.

काकांच्या ऑफिसने ध्यानाच्या ॲपवर महिनाभराची स्पर्धा लावली होती. कोण रोज दहा मिनिटं शांत बसलं, ते साहेबांना दिसायचं. काकांना शांत बसवत नाही. पाण्याच्या टाकीवरून, चपलांच्या स्टँडवरून ते सारखे कुणाशी तरी भांडत असतात. वर म्हणायचे, "मनाचा इलाज करायला मी काय वेडा आहे?" वटपौर्णिमेला त्यांच्या आयुष्यासाठी उपास काकूच करतात. शांततेचं कामही मग काकूंकडेच आलं.

काकांचा फोन घेऊन, कानात इअरफोन घालून त्या गॅलरीत डोळे मिटून बसायच्या. तेवढी दहा मिनिटं त्यांना कुणी हाक मारायचं नाही. फक्त काका ओरडायचे, "आटप लवकर, डबा भरायचाय!"

ऑफिसातले सर्वांत शांत कर्मचारी म्हणून काकांचा सत्कार झाला. घरी आल्यावर शाल अंगावर असतानाच त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"तू कॉलेजात जातोस ना रे? हे काढून टाक. काम झालं."

काकूंचा फोन बटणांचा आहे. त्या हळूच म्हणाल्या, "राहू दे ना. मला बरं वाटतं त्याने."

"तुला गं कसलं टेन्शन? घरातच तर असतेस!"

दोघंही माझ्याकडे बघत होते. मी ॲप काढून दिलं. चाळीत सगळे मला शिकलेला म्हणतात.