मावशीची शाळा लाल झाली त्याची गोष्ट

माझ्या मावशीला सकाळी चालताना पाहिलं, तर कुणालाही वाटावं की बाई कुणाशी तरी भांडायला निघाल्यात. खांद्याला पिशवी, पायात झिजलेल्या चपला, कपाळावर आठी. प्रत्यक्षात ती पोरं गोळा करायला निघालेली असायची. सरकारी शाळेत लागल्यापासून तिचा हा शिरस्ता. शाळेआधी वस्तीतून एक फेरी मारायची. जी मुलं आपणहून यायची नाहीत त्यांची दारं ठरलेली. दार वाजवायचं, ‘उठलं का आमचं रत्न?’ म्हणून आत डोकवायचं आणि रत्नाला तोंड धुवायला लावून बरोबर घ्यायचं. काका म्हणायचे, ही शिकवायला जाते की धरपकड करायला, ते सरकारलाच ठाऊक. मावशी म्हणायची, आली तर शिकवीन ना, भिंतींना काय शिकवू?

पुढे वरच्या लोकांना शाळा मोजायची हौस आली. सगळ्या शाळांना एकाच दिवशी एकच पेपर. उत्तर लिहायचं नाही, नुसता गोल काळा करायचा. मग शाळेची सरासरी काढायची आणि फाटकावर पाटी ठोकायची. चांगली शाळा हिरवी, बरी पिवळी, वाईट लाल. लागोपाठ दुसऱ्यांदा लाल झाली की शाळा बंद, आणि मुलं हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत. मावशीची शाळा एकदा लाल होऊन बसलेली होती. आता पुन्हा झाली की संपलं.

मोजायला तिची ना नव्हती. तिचं म्हणणं एवढंच, की पोर कुठवर पोचलं ते मोजता, तसं निघालं कुठून तेही मोजा. अक्षर न ओळखणारं पोर वर्षभरात अडखळत का होईना वाक्य वाचायला लागलं, तर कागदावर ते नापासच. हे ती मला सांगायची. मी काय दिवे लावणार? चहा करून द्यायचो.

हेडमास्तर माणूस वाईट नव्हता, पण सरासरी ही चीज काय आहे ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं. खालची चार काढली की उरलेल्यांची आपोआप वर जाते, शिकवावंही लागत नाही. आसपासच्या शाळांत हे राजरोस चालायचं. परीक्षेच्या दिवशी कच्च्या मुलांचं पोट दुखायचं, आणि ते दुखणार हे आदल्या आठवड्यातच ठरलेलं असायचं. यंदा हेडमास्तरांनी मावशीच्या वर्गातली चौघं निवडली आणि त्यांच्या घरी निरोप द्यायचं काम तिच्यावरच टाकलं.

तिने दिला. तोंड कडू झालं, तरी दिला. कारण शाळा बंद झाली तर हमरस्ता ओलांडून पलीकडे न जाणारी पहिली हीच चौघं असणार, हे तिला दिसत होतं. म्हणजे त्यांची शाळा टिकावी म्हणून त्यांनीच शाळेत यायचं नाही. असला हिशेब माणूस एकदा मान्य करतो, मग थकतो आणि गप्प बसतो. मावशीचंही तसंच झालं.

परीक्षेच्या सकाळी तिच्या डोक्यात पेन्सिली, बाकांवरचे नंबर आणि बाहेरून येणाऱ्या पर्यवेक्षक बाई, एवढंच होतं. पाय मात्र आपल्या सवयीने वस्तीत शिरले. दारं वाजली. आया कामाला गेलेल्या, त्यामुळे ‘आज तर नको म्हणाला होतात’ असं म्हणायला घरात कुणी नाही. बाई दिसल्या तशी मुलं मुकाट्याने मागे लागली. बाईंना उलट विचारायची त्यांची काय टाप! चौघांना घेऊन ती फाटकात आली, तर समोर हेडमास्तर. त्यांचा चेहराच उतरला.

“बाई, ही कशाला आणलीत?”

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. हेडमास्तर तिला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, अजून वेळ आहे, पर्यवेक्षक बाई चहा घेतायत, मागच्या दाराने लावून द्या. मावशीने बरं म्हणून मान डोलावली आणि ती मुलांकडे वळली. चौघांतली एक मुलगी फार तोंडाळ. ती मावशीकडे बघत म्हणाली, “बाई, आमचं पोट आता दुखायला लावायचं का?”

मावशी म्हणते, पोरगी चिडवत असती तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती. बाई सांगतील तसं करायला तयार होती.

“नाही दुखत. जा, जागेवर बसा,” मावशी म्हणाली.

हेडमास्तरांनी कपाळावर हात मारला, पण तोवर मुलं वर्गात पोचली होती.

आता तुम्हाला वाटेल, त्या चौघांनी पेपरात कमाल केली असेल. तसं काही झालं नाही. एकाने सगळे गोल काळे केले, एकही सोडला नाही, आणि पर्यवेक्षक बाईंना अभिमानाने दाखवले. तोंडाळ मुलीचे थोडे बरोबर आले, थोडेच. सरासरी पिवळ्याच्या जरा खाली राहिली, आणि शाळा लाल झाली.

मग ज्याचं त्याचं तोंड सुटलं. एका हुशार मुलाच्या आईने फाटकाशीच मावशीला गाठलं. तुमच्या चार दगडांपायी माझ्या लेकराची शाळा गेली, एवढी अक्कल नव्हती तर बाई कशाला झालात, असं पुष्कळ. मावशीने सगळं ऐकून घेतलं.

घरी मी तिला छेडलंच, की तू खरंच विसरली होतीस, का सोंग होतं ते? ती पाय चोळत म्हणाली, “फाटकापर्यंत विसरले होते रे. पुढचं माझं मी केलं.”

शाळा बंद झाली. मावशीची बदली पलीकडच्या मोठ्या, हिरव्या पाटीच्या शाळेत झाली. चौघांतला एकजण आलाच नाही, कुठल्याशा गॅरेजात चिकटला. हमरस्त्याला ना सिग्नल, ना पट्टे. ट्रक असे सुटतात की मोठी माणसंही दोनदा पाऊल मागे घेतात. म्हणून रोज सकाळी मावशी अलीकडच्या कडेला थांबते, एक हात वर करते आणि जमलेल्या मुलांना पलीकडे नेते. याचे गुण कुठल्या पेपरात नाहीत. घरी आली की तिच्यात बोलायचंही त्राण नसतं.

परवा सकाळी मी तिला डबा द्यायला गेलो होतो. ती भांडलेली आई मुलाला घेऊन कडेला उभी होती. मावशीकडे तिने पाहिलं नाही. रस्त्याकडे बघतच मुलाचा हात पुढे केला आणि म्हणाली, “घट्ट धरा, सोडवून पळतो.”

मावशीने तो धरला आणि दुसरा हात वर केला.