आईंनी आपली उशी उचलली

“सर्व्हायकल एक्ट्रोपियन,” डॉक्टर म्हणाल्या. नावच एवढं भारदस्त, तर आजार केवढा असेल!

आजार नव्हताच. गर्भाशयाच्या तोंडाचं आतलं नाजूक अस्तर थोडं बाहेरच्या बाजूला आलेलं असतं, एवढाच त्याचा अर्थ. गरोदरपणात तिथला रक्तपुरवठा वाढतो, म्हणून स्पर्शानेही थोडं रक्त येऊ शकतं. बाळाला त्याचा त्रास नाही. हे कळेपर्यंत मात्र आम्ही अर्धमेले झालो होतो, म्हणून हे लिहिते आहे.

मला पाचवा महिना होता. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही दोघंच राहायचो. दिवस गेल्याचं कळताच सासूबाई नागपूरहून आल्या आणि पहिल्याच रात्री माझ्या शेजारी उशी टाकून झोपल्या. माझा नवरा सुमेध हॉलमधल्या दिवाणावर गेला. पोटुशीपणात नवरा जवळ आला की गर्भ टिकत नाही, असं आईंचं ठाम मत होतं. ऑफिसात साहेबांच्या फायलींवर शेरे मारणारा सुमेध आईसमोर चकार शब्द काढेना.

आमच्या वाट्याला उरले रविवार. आई कॉलनीतल्या विहारात वंदनेला जायच्या आणि आम्ही लग्न झालेली माणसं चोरासारखी दाराची कडी लावायचो.

अशाच एका रविवारी आम्ही जवळ आल्यानंतर मला कपड्यांवर रक्त दिसलं. सुमेधचा चेहरा पांढराफटक पडला. आपणच आपल्या लेकराचा घात केला, एवढंच माझ्या मनात होतं.

आम्ही हॉस्पिटलला पोचलो, तोवर आईही विहारातून थेट तिथे आल्या. त्यांच्यादेखत डॉक्टरांनी विचारलं, काय झालं. सुमेधने सांगितलं, स्कूटर स्पीडब्रेकरवर उसळली. झालं! पोटाला मार लागला असेल म्हणून मला दाखल करून घेतलं. बाळाचे ठोके पाहिले, रक्त घेतलं, सोनोग्राफीला नेलं. बाहेर आई स्कूटरच्या नावाने बोटं मोडत होत्या. बिचारी स्कूटर त्या दिवशी जागची हललीही नव्हती.

सोनोग्राफीत बाळ मजेत होतं. प्लासेंटा, म्हणजे वार, वरच्या बाजूला होती. मग तपासताना डॉक्टरांनी पडदा ओढला आणि हळूच विचारलं, “संबंध हुआ था?” मी रडतच मान हलवली.

“तो बेचारे स्कूटर को क्यों फँसाया?” त्या म्हणाल्या. मी रडता रडता हसले.

तपासून झाल्यावर त्यांनी ते भारदस्त नाव सांगितलं आणि नीट समजावलं. बाळ पाण्याच्या पिशवीत, गर्भाशयाच्या जाड भिंतीआड असतं. सगळं ठीक असेल तर संबंधांनी गर्भ पडत नाही. वार खाली असेल, पाणी जात असेल किंवा वेळेआधी कळा येण्याचा धोका असेल, तर मात्र टाळायचं. रक्त दिसलं तर लगेच दाखवायचं आणि डॉक्टरांना खरं तेच सांगायचं.

मी त्यांना विनवलं, हे आमच्या आईंनाही सांगा, मला जमणार नाही. त्यांनी दोघांनाही आत बोलावलं. सुमेध जमिनीकडे बघत उभा राहिला. आता आई काय बोलतील, एवढीच मला धास्ती होती.

आईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, इसके पहले मेरा एक बच्चा गया था, तीसरे महीने में. वो भी फिर उस वजह से नहीं गया?”

“नहीं, माताजी. उस वजह से नहीं. आप दोनों की कोई ग़लती नहीं थी.”

सुमेधच्या आधी एक गर्भ राहिला होता, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

घरी परतताना ऑटोत आईंनी माझा हात धरला होता. “तुझ्या बाबांना हे कोणी तरी सांगायला पाहिजे होतं,” त्या सुमेधला म्हणाल्या. “जाईपर्यंत स्वतःलाच दोष देत राहिले रे.”

आज लेक माझ्या मांडीवर झोपली आहे आणि मला राहून राहून त्या दिवशीची रात्र आठवते. जेवणं झाल्यावर आईंनी माझ्या शेजारची आपली उशी उचलली, हॉलमध्ये जाऊन सुमेधला दिवाणावरून उठवलं आणि म्हणाल्या, “ऊठ, मला इथंच बरी झोप लागते.”