कौतिकनानांच्या तोंडाचा वास

पाचोऱ्याकडच्या केळीच्या बागांत कौतिकनानांच्या शब्दाशिवाय घडाला विळा लागत नसे. नाना मान वर करून घड भरला की नाही ते बघत, "काप" म्हणत, मग टोळी कापी. तीस वर्षं हेच काम. दारूच्या थेंबाला कधी न शिवलेला माणूस, आणि त्याचा थोडा ताठाही होता त्यांना, लपवायचं कशाला!

गेल्या पोळ्यानंतर मात्र मान वर केली की बाग गरकन फिरू लागली. नाना केळीच्या खांबाला मिठी मारून उभे राहत. दोनदा तर चिखलातच बसले. बघणाऱ्यांनी लगेच अर्थ लावला, नाना घ्यायला लागले. मुकादम सुकदेव तर घड आपणच बघू लागला. नानांना ते फार लागलं.

गावच्या डॉक्टरने अशक्तपणा ठरवून दोन सलाईन चढवल्या. आमच्याकडे सलाईन चढली की माणसाने बरं व्हायलाच हवं. नाना झाले नाहीत. शेवटी त्यांच्या बायकोने, रुख्माबाईंनी, त्यांना जळगावला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं.

"माले चांगलं ऐकू येस," नाना कुरकुरले.

डॉक्टर हेमलतांनी विचारलं, "डोळ्यांपुढे अंधारी येते, की घर फिरतं?"

"घर फिरस. कूस बदली का लगेच."

डॉक्टरांनी त्यांची मान उजवीकडे वळवून त्यांना झटकन आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली. क्षणात नानांची बुबुळं थरथरू लागली. "बघा मावशी, आतल्या कानातले बारीक कण भलतीकडे गेलेत. ते जागेवर नेऊ." मग मान डावीकडे, मग कूस, मग उठून बसणं, दर वेळी थोडं थांबून. जरा वेळाने पुन्हा आडवं केलं, तर छत जागच्या जागी होतं. नाना खुदकन हसले.

परतीच्या बसमध्ये नाना खुशीत होते. गावात नवऱ्याच्या बाजूने रुख्माबाई चारचौघींशी भांडल्या होत्या. वाटेतलं माहेजी गाव मागे पडल्यावर त्या खालमानेने म्हणाल्या, "रातले तुम्ही झोपनात का मी बी तुमना तोंडना वास लेत व्हतू."

"माले ठाऊक व्हतं," नाना म्हणाले. "म्हनीसन तं मी तोंड उघडं ठेईसन झोपत व्हतू."